जर्दाळूंचा मिस्ड कॉल

यार्मिला ब्रेडच्या चुऱ्यात घोळवलेली कटलेटं तळत होती. पहिल्या तीन दिवसांना पुरतील एवढी, म्हणजे चाळीस. पुढच्या नऊ दिवसांसाठी गुलाशचे डबे, बटाटे आणि काकडीच्या लोणच्याच्या बरण्या गाडीत आधीच चढल्या होत्या. मोराव्हियातल्या त्यांच्या खेड्यातून समुद्राला जाणारं प्रत्येक कुटुंब अशीच शिदोरी बांधून निघे. परमुलखात जेवणावर पैसे घालवणं म्हणजे आपल्या घरात चूल नाही अशी दवंडी पिटणं, असं ओताकारच्या आईचं मत होतं. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. मत अजून घरातच होतं.

"चार देश," टेबलाशी बसलेला ओताकार म्हणाला, "म्हणजे चार सिमकार्डं. शिवाय आपलं घरचं. एकूण पाच."

ओताकारने चाळीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढली होती. निवृत्त झाल्यावर ओढायला खटके उरले नाहीत, म्हणून तो आता घरातल्या वस्तू इकडच्या तिकडे करायचा. आत्ता त्याच्या हातात यार्मिलाची गोळ्यांची डबी होती. सोमवार ते रविवार असे सात कप्पे असलेली.

"माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठायत?"

"मोहरीच्या सॉसच्या बरणीत. रिकामीच होती. डबी सिमकार्डांना लागणार."

"धुतलीस ती?"

"पुसली."

यार्मिलाने एक कटलेट उलटवलं. जरा जोरातच उलटवलं.

खरं तर हे सगळं प्रकरण सिमकार्डांचं नव्हतंच. ते तळघरातल्या चार निळ्या पिंपांचं होतं. त्यांच्या भागात जर्दाळू पाच वर्षांतून एकदा धरतो. उरलेली चार वर्षं एप्रिलमधलं हिव मोहोर मारून जातं. यंदा एप्रिलमध्ये दोघांनी तीन रात्री बागेत शेकोट्या पेटवून झाडं वाचवली, आणि जुलैत फांद्या अशा लगडल्या की खाली टेकू द्यावे लागले. दारूसाठी ठेचलेल्या फळांचं दोनशे लिटर आंबवण पिंपांत पडलं. तेव्हापासून ओताकार रोज संध्याकाळी तळघरात जाऊन एकेका पिंपाला कान लावून बसे. आतलं बुडबुड ऐकून त्याचा चेहरा खुले. "रादकाच्या वेळी माझ्या पोटाला नाही इतके कान लावलेस," यार्मिला एकदा म्हणाली होती.

त्याच रादकाचं ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी लग्न होतं. आणि मोराव्हियात मुलीचा बाप दारात उभा राहून प्रत्येक पाहुण्याच्या हातात पेला देतो, तो स्वतःच्या बागेतल्या फळाच्या दारूचा. विकतची दिली तर लोक हसतात. मेव्हण्याची दिली तर लोक हसत नाहीत, कीव करतात, आणि ते जास्त वाईट. यार्मिलाचा भाऊ व्होयता समोरच्याच घरात राहत होता. त्याची आलुबुखाराची दारू तालुक्यात नावाजलेली, आणि दर नाताळात तो ओताकारचा पेला उजेडाकडे धरून म्हणायचा, "छान आहे रे. पाणी कुठल्या विहिरीचं?"

आता राहिला ओश्मेरा. दारू घरी गाळायला कायद्याने बंदी. गावाला सरकारी परवान्याची एकच भट्टी, आणि भट्टीवर ओश्मेरा. वर्षभर गावातलं शेंबडं पोरही त्याला अरेतुरे करी. सप्टेंबर उजाडला की तोच माणूस 'अहो ओश्मेरासाहेब' होई, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा 'ए ओश्मेरा'. पाळी देण्याची त्याची रीत ठरलेली होती. तुमचा नंबर आला की तो मोबाइलवर एक रिंग द्यायचा आणि कापायचा. तुम्ही तासाभरात उलटा फोन करून 'येतो' म्हणायचं, तुमच्या पैशाने. नाही केलात तर वहीत तुमचं नाव सगळ्यांच्या खाली, म्हणजे नोव्हेंबर. आलुबुखार थांबतो तोवर. जर्दाळू थांबत नाही. त्याचं व्हिनेगर होतं.

यात ओश्मेराचा काही चिक्कूपणा नव्हता. सगळा गावच मिस्ड कॉलवर चाले. पहिल्या रिंगला फोन उचलणं म्हणजे समोरच्याचे पैसे खाणं, म्हणजे शुद्ध असभ्यपणा, असं तिथल्या पोरांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

"ओश्मेरा म्हणालाय वीस सप्टेंबरनंतर," यार्मिलाने आठवण करून दिली. "आपण एकोणीसला घरात. मग हा फोनचा खेळ कशाला?"

"म्हणालाय. पण भट्टीचा काय भरवसा? मधेच कुणी गळलं तर तो पुढच्याला बोलावतो." ओताकारने कागद समोर धरला. त्यावर रेल्वेच्या वेळापत्रकासारखे रकाने होते. "हे बघ. रोज सकाळी नऊ ते दहा फोनमध्ये आपलं घरचं कार्ड. ओश्मेराला सांगितलंय, रिंग द्यायची तर याच वेळात द्या. परदेशात नुसती रिंग फुकट असते. रिंग आली की घरचं कार्ड बाहेर, त्या देशाचं आत, आणि उलटा फोन स्वस्तात. घरच्या कार्डावरून तिकडून बोललो तर मिनिटाला केवढ्याला पडतं माहितीये?"

"एक मिनिट बोलशील. चार कार्डं केवढ्याला पडणार?"

ओताकारने कागदाची घडी घातली. "तत्त्व म्हणून काही असतं, यार्मिला."

यार्मिलाने पुढचं कटलेट तेलात सोडलं. बत्तीस वर्षांपूर्वी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याने समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. मग रादका झाली, मग छप्पर गळलं, मग गाडी, मग आई. यंदा तिने स्पष्ट सांगितलं होतं, समुद्र नाही तर लग्नाचे हजार गोड पाव तू लाट आणि तूच भाज. म्हणून तो निघाला होता. एवढ्यावर तिने कार्डं चालवून घेतली.

ऑस्ट्रियात पहिल्याच पेट्रोलपंपावर त्याने दहा युरोला कार्ड घेतलं, चाचणी म्हणून आत घातलं आणि फोनने पिन मागितला. ओताकारने लग्नाचं साल दाबलं. त्याच्या आयुष्यातल्या सगळ्या कुलपांना तोच आकडा होता. फोनने नाही म्हटलं. त्याने पुन्हा दाबलं. फोनने पुन्हा नाही म्हटलं.

"यार्मिला, आपलं लग्न शहात्तर सालीच झालं ना?"

"झालं. काय करणार?"

त्याने तिसऱ्यांदा शहात्तर दाबलं, आणि कार्डाला कुलूप लागलं.

"अरे पण त्या कार्डाचा पिन वेगळा असेल ना! आपल्या लग्नाचं ऑस्ट्रियाला काय?"

"वेगळाच आहे. आता कळलं. आता आठ आकडी किल्ली लागणार. ती असते त्या मोठ्या प्लॅस्टिकवर, ज्यातून कार्ड मोडून काढतात." त्याने आजूबाजूला पाहिलं. "कुठाय ते?"

यार्मिलाने मघाशी त्या प्लॅस्टिकने कटलेटांच्या डब्याच्या काठाला लागलेला सॉस खरवडला होता. चांगलं कडक होतं ते. मग ती कचरा टाकायला गेली. तिथे चार रंगांची चार पिंपं होती, आणि कुठल्या पिंपात काय टाकायचं हे वाचत बसण्याइतकं जर्मन तिला येत नव्हतं. पुढची पंचवीस मिनिटं व्हर्बका दांपत्य ऑस्ट्रियाच्या कचऱ्यात कमरेपर्यंत वाकून उभं होतं. पलीकडच्या गाडीतली एक म्हातारी खाली उतरली. ओताकार जे जे बाहेर काढी ते ते ती त्याच्या हातातून घेऊन योग्य त्या पिंपात टाकी, आणि दर वेळी मान हलवी.

"काय म्हणतेय ती?" ओताकारने वाकूनच विचारलं.

"म्हणतेय, यांना पिंप कळत नाही."

"मला? मला पिंप कळत नाही?" दोनशे लिटर आंबवणाचा मालक ताठ उभा राहिला, आणि झाकणावर डोकं आपटलं.

किल्ली सापडली. तिच्यावर सॉस होता, पण आकडे वाचता येत होते. कार्ड उघडलं तोवर ऑस्ट्रिया संपत आला होता.

इटलीत दुकानदाराने पासपोर्ट मागितला, मग कसला तरी सोळा अक्षरांचा सरकारी क्रमांक मागितला. तो यांच्याकडे नाही म्हटल्यावर त्याने खांदे उडवून स्वतःच काहीतरी भरलं, आणि चोवीस तासांत कार्ड चालू होईल म्हणून सांगितलं. चोवीस तास ते दुकानाच्या आसपासच फिरले. समुद्र आठ किलोमीटरवर होता.

"पुढे जाऊन नाही का थांबता येणार?"

"आणि नाही चालू झालं तर? परत यावं लागेल. पेट्रोल!"

पंचविसाव्या तासाला फोन थरथरला. पडद्यावर चार ओळी इटालियन आणि खाली 'होय' आणि 'नाही'. 'होय' कुठलं हे मात्र ओताकार ओळखू शकत होता, आणि तो आनंदाच्या भरात होता. त्याने होय दाबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निरोप आला. त्यात एक बैलाचं चित्र होतं. कॅम्पवरच्या स्वच्छता करणाऱ्या बाईने वाचून सांगितलं, "वृषभ. आज धनलाभ. कुटुंबात गैरसमज टाळा." असा रोज एक निरोप येणार होता, आणि एकेका निरोपाला कार्डातला एक युरो जाणार होता. थांबवायचं कसं, ते बाईलाही माहीत नव्हतं. तिचं सहा महिने मिथुन चालू होतं.

"धनलाभ होईपर्यंत कार्ड रिकामं होईल," यार्मिला म्हणाली.

"तू गैरसमज टाळ," ओताकार म्हणाला.

स्लोव्हेनियाला समुद्र आहे तो जेमतेम, दोन्हीकडून शेजाऱ्यांनी दाबलेला. तिथे कार्ड पाच मिनिटांत मिळालं, पिनही नीट दाबला गेला. पण किनाऱ्यावर उभं राहिलं की फोन खाडीपलीकडचं इटलीचं नेटवर्क पकडी, आणि टेकडीकडे सरकलं की क्रोएशियाचं. ओताकार हात उंच धरून धक्क्यावरून इकडून तिकडे फिरत होता. कोळी जाळी विणता विणता त्याच्याकडे बघत होते. शेवटी बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून, डावा गुडघा वाकवून उभं राहिलं तर स्लोव्हेनिया लागतो असा त्याने शोध लावला. त्या जागी त्याने खडूने खूण केली. यार्मिलाला पोहायचं होतं, पण नऊ ते दहा तिला ती खूण धरून ठेवावी लागली, कारण मधेच एक माणूस हातगाडी घेऊन तिथे उभा राहू पाहत होता.

क्रोएशियाच्या हद्दीवर ओताकारने चौथं कार्ड घेतलं आणि हातात वजन करून पाहिलं. "हे सगळ्यात महत्त्वाचं. इथे आपण सहा दिवस आहोत. हे त्या डबीत नको, हे मी खास जागी ठेवतो."

"कुठे?"

"खास जागी."

सोळा तारखेचा मंगळवार. पाइनच्या झाडांखाली तंबू, पुढे गोट्यांचा किनारा, आणि त्यापुढे पाणी असं की तळाचा एकेक खडा दिसावा. यार्मिला खुर्ची घेऊन थेट पाण्यात बसली होती. घोट्यांवरून लाटा येत-जात होत्या. कटलेटं केव्हाच संपली होती, दुपारचा गुलाशचा डबा उघडायला वेळ होता, आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच तिला काही म्हणजे काहीच उलटवायचं नव्हतं. नऊ वाजून वीस मिनिटं झाली.

फोन एकदाच वाजला.

"ओश्मेरा!" ओताकार इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या तंबूतला कुत्रा भुंकायला लागला. "ओश्मेराची रिंग! आज! चार दिवस आधी!"

"मग लाव की फोन."

"लावतो. शांत राहा. कुणी घाबरू नका." फक्त तोच घाबरला होता. त्याने फोनचं पाठचं झाकण काढलं, बॅटरी काढली, घरचं कार्ड काढून ओठांत धरलं, आणि गोळ्यांची डबी उघडली. ती उलटी होती.

सात कप्पे एकदम रिकामे झाले. सिमकार्डं गोट्यांच्या फटींत गेली. दोघं गुडघ्यांवर बसून खडे उलटू लागली.

"एक मिळालं!"

"दुसरं हे घे. तिसरं पण. चौथं कुठाय?"

"चौथं..." ओताकार थबकला. ओठांतलं कार्ड काढून तो म्हणाला, "चौथं डबीत नव्हतं बहुतेक. मी ते खास जागी ठेवलं होतं."

"कुठे?"

ओताकारने समुद्राकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. सिग्नल केबिनमध्ये चाळीस वर्षांत त्याच्या हातून एक गाडी चुकली नव्हती. "आठवत नाही," तो म्हणाला.

हाताशी होती ती तिन्ही कार्डं दिसायला सारखी. पहिलं घातलं, तर त्याने पिन मागितला; ऑस्ट्रियाचा पिन सॉसच्या प्लॅस्टिकवर होता आणि प्लॅस्टिक पुन्हा ऑस्ट्रियाच्या कचऱ्यात. दुसरं घातलं, तर बैल आला. आज वृषभेच्या लोकांनी दूरच्या प्रवासाचा आनंद घ्यावा असं बहुधा लिहिलं असावं. त्याबरोबर कार्डातला शेवटचा युरोही गेला. तिसऱ्याला इथे नेटवर्कच लागेना, डावा गुडघा वाकवूनही.

नऊ चाळीस.

"घरच्या कार्डावरून कर," यार्मिला म्हणाली. "होऊ दे काय व्हायचा तो खर्च."

ओताकारने घरचं कार्ड घातलं आणि तो नुसता उभा राहिला.

"काय झालं?"

"त्यात चार कोरुना आहेत."

"चार?"

"चार कोरुना वीस हेलर."

"दोन आठवडे परदेशी जाताना तू फोनमध्ये पैसे भरले नाहीस?"

"कशाला भरू? मी कुणाला कधी फोन करतो का?"

खरोखरच तो कुणाला कधी फोन करत नसे.

"एक उपाय आहे," ओताकार म्हणाला. "मी ओश्मेराला मिस्ड कॉल देतो. म्हणजे त्याला कळेल की इकडे अडचण आहे. तो करेल फोन."

"ओश्मेरा? स्वतःच्या पैशाने? परदेशात?"

पण त्याने रिंग देऊन कापलीसुद्धा. दोघं फोनकडे बघत राहिली. दोन मिनिटांनी फोन एकदा वाजला आणि थांबला.

"म्हणतोय, तू कर," ओताकारने अर्थ सांगितला. त्याने पुन्हा एक रिंग दिली. पुन्हा एक रिंग आली. ओताकारच्या मग दोन रिंगा, ओश्मेराच्या मग दोन. सातशे किलोमीटरवर भट्टीपाशी उभा असलेला एक माणूस आणि समुद्रात घोट्याएवढ्या पाण्यात उभा असलेला दुसरा, दोघंही सभ्य घरातले, कुणीही कुणाचा फोन उचलत नव्हतं.

"अरे वाजतोय तेव्हा उचल ना!"

"एका रिंगेत कसा उचलू? शिवाय परदेशात उचलला की माझेही पैसे कापतात. चार कोरुनांत काय होणार?"

"हॅलो तर होईल!"

"नुसत्या हॅलोवर पाळी मिळते का? पिंपं किती, वार कुठला, लाकडं कुणाची, सगळं सांगावं लागतं त्याला!"

पुढच्या रिंगेला यार्मिलाने फोन हिसकावला आणि हिरवं बटण दाबलं. पण पलीकडे ओश्मेराचा अंगठा होता, वीस हंगामांत घडलेला. तिच्या आधीच कापून झालं होतं.

नऊ पंचेचाळीस. यार्मिलाने चपला हातात घेतल्या आणि ती तशीच ओल्या पायांनी कॅम्पच्या कचेरीकडे निघाली. कचेरीबाहेर एक जुना निळा टेलिफोन भिंतीला टांगलेला होता. आल्यापासून तिने तो चार वेळा पाहिला होता. तिने आइस्क्रीमसाठी बाजूला ठेवलेल्या, कुना नावाच्या तिथल्या नाण्यांतून फोनचं कार्ड घेतलं. ओश्मेराचा नंबर तिला पाठ नव्हता. तिला जगात एकच नंबर पाठ होता, तीस वर्षं न बदललेला.

"कोण मेलं?" व्होयताने फोन उचलल्याबरोबर विचारलं.

"कुणी मेलं नाही. मी यार्मिला. क्रोएशियातून बोलतेय. नीट ऐक, मी पैसे देऊन बोलतेय."

"पैसे देऊन? मग नक्की कुणीतरी मेलंय. ओता?"

"अरे ओश्मेराने आमची पाळी लावलीय. दहा वीसच्या आत होकार द्यायचाय, नाहीतर नोव्हेंबर. टोमॅटोला पाणी घालायला तुझ्याकडे किल्ली आहेच. भट्टीवर पळ, सांग व्हर्बकांचं आंबवण तू आणतोयस. लाकडं आमच्या शेडमधली घे."

व्होयताचा आवाज एकदम मऊ झाला. लहानपणी तिची सायकल मागायची असली की असाच व्हायचा. "म्हणजे जर्दाळू मी गाळायचा? ओताचा? त्याला विचारलंस?"

"तो ओश्मेराशी मिस्ड कॉल मिस्ड कॉल खेळतोय."

"बरं. गाळीन. पण बाटलीवर माझं नाव पाहिजे."

"व्होयता, पोरीच्या लग्नाचं आहे ते!"

"म्हणून तर पाहिजे."

यार्मिलाने घड्याळाकडे पाहिलं. मग झाडांमधून दिसणाऱ्या समुद्राच्या पट्टीकडे. "मागच्या बाजूला," ती म्हणाली. "बारीक अक्षरात."

ती परतली तेव्हा ओताकार तंबूचे खुंट उपटत होता. एका बाजूने तंबू खाली बसला होता. "आत्ता निघालो तर संध्याकाळपर्यंत घर. ओश्मेराच्या पाया पडेन."

"खुंट ठोक परत. काम झालंय. निरोप गेला."

"कसा?"

"फोनने. त्या कचेरीबाहेरच्या."

"पैसे टाकून?"

"हो, पैसे टाकून."

खर्चाच्या धक्क्याने ओताकार मटकन खुर्चीत बसला, आणि फोन कुणाला केला हे विचारायचं राहूनच गेलं. यार्मिलानेही सांगितलं नाही. तिने त्याच्या हातातून मोबाइल घेतला, बॅटरी काढली आणि पिशवीत तळाशी टाकली. त्यानंतरचे दिवस तिने पाण्यात खुर्ची टाकून काढले. तिसऱ्या दिवशी ओताकार गुडघ्यापर्यंत आत आला आणि म्हणाला की, पाणी थंड आहे, पण तसं वाईट नाही.

एकोणीसला घरी पोचल्यावर बॅगा न उतरवताच तो तळघरात धावला. चारही पिंपं धुऊन पालथी घातलेली होती. फळीवर चोवीस बाटल्या रांगेत उभ्या होत्या, पाण्यासारख्या नितळ. प्रत्येकीवर कागद चिकटवलेला. पुढे ठळक अक्षरांत 'व्होयता'. मागे बारीक अक्षरांत 'जर्दाळू: ओ. व्हर्बका'.

ओताकारने एक बाटली फिरवून मागची बाजू वाचली. मग पुढची. मग पुन्हा मागची. त्याचे कान लाल झाले. "हे तुला माहीत होतं."

"होतं. पण अक्षरं उलटी ठरली होती."

"मुलीच्या लग्नात मी दारात उभा राहून व्होयताचं नाव वाटू?"

"नोव्हेंबरात व्हिनेगर वाटण्यापेक्षा बरं. आधी चव तरी बघ."

त्याने वर स्वयंपाकघरात येऊन पेलाभर ओतली. उजेडाकडे धरली. हुंगली. मग घेतली. त्या पेल्यात एप्रिलमधल्या त्या तीन रात्री होत्या, धुराने चुरचुरलेले डोळे होते, आणि टेकू दिलेल्या फांद्या.

"बरी आहे," तो म्हणाला.

रादकाला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तो एवढंच म्हणाला होता. यार्मिलाने डोळ्यांना पदर लावावा तसा हातातला टॉवेल लावला.

तेवढ्यात टेबलावरचा, बॅटरी परत घातलेला मोबाइल एकदाच वाजला. पडद्यावर व्होयता. रस्त्यापलीकडच्या खिडकीतला पडदा किंचित हलला.

"आभार ऐकायचेत त्याला," ओताकार दात ओठ खात म्हणाला. "तेही माझ्या पैशाने."

"चार कोरुना आहेत की. त्यात बसतील आभार?"

"माझे बसतील." त्याने फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. मग एकाएकी त्याने बाटली काखेत मारली, दोन पेले उचलले आणि दाराकडे निघाला.

"फोन नाही करणार?"

"पंचवीस पावलं आहेत. फुकटात पडतं. शिवाय त्या कागदांचंही बघतो." दारातून तो वळला. "आणि त्या खास जागेचं मला अजून आठवत नाही. फुकट गेलं ते कार्ड. पूर्ण भरलेलं होतं, कोरं. त्या दिवशी ते असतं तर तिथेच, पाण्यात उभ्या उभ्या सगळं झालं असतं. मग रोज फोन करून विचारलं असतं ओश्मेराला, धार कशी पडतेय, आच किती ठेवलीत. एका दिवसाआड तरी."

"हो ना," यार्मिला म्हणाली. "वाईट झालं."

तो रस्ता ओलांडेपर्यंत ती खिडकीशी उभी राहिली. व्होयताने दार उघडलं. दोघं उंबऱ्यावरच काहीतरी मोठमोठ्याने बोलायला लागले आणि मग पेले वाजल्याचा आवाज आला. यार्मिलाने पिशवीतून मोहरीच्या सॉसची बरणी काढली. संध्याकाळची गोळी घ्यायची होती. गोळ्या पिवळट झाल्या होत्या आणि त्यांना वास येत होता. त्यांच्यामध्ये एक पांढरं चिमुकलं कार्डही होतं. मंगळवारी सोळा तारखेला संध्याकाळी गोळी घेताना तिला ते पहिल्यांदा दिसलं होतं, आणि ती बरणीचं झाकण परत लावून पाण्यात जाऊन बसली होती.

तिने कार्ड टॉवेलने पुसलं. दुकानदार म्हणाला होता, वर्षभर चालतं, म्हणजे पुढच्या वेळच्या समुद्रालाही. मग गोळ्यांची डबी उघडून तिने ते मंगळवारच्या कप्प्यात ठेवलं, आणि बाकीच्या सहा कप्प्यांत आपल्या गोळ्या मोजून भरल्या.